'आळशी' मलय आणि तीन पुस्तके

मलेशियाच्या राजकारणातला 'बुमिपुतेरा' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. तो संस्कृतातून तिकडे गेलेला आपला भूमिपुत्रच आहे. 'बाहासा' म्हणजे भाषा आणि 'बांग्सा' म्हणजे वंश, हेही कान जरा तयार झाला की कळते. फरक एवढाच, की आपल्याकडे भूमिपुत्र हा शब्द सभेत आणि पत्रकात राहतो. तिकडे तो सरकारी कारभाराचा पाया आहे. विद्यापीठातली जागा, नव्या घराच्या किमतीतली सूट, सरकारी कंत्राट, कंपन्यांच्या समभागांतला राखीव हिस्सा अशा कितीतरी गोष्टी तुम्ही बुमिपुतेरा आहात की नाही यावर ठरत आल्या आहेत. आणि या शब्दात मोडणारे लोक, म्हणजे मुख्यतः मलय, देशात अल्पसंख्य नाहीत. सत्ता त्यांच्या हाती आहे. आपल्याकडचे आरक्षण ज्यांना सत्तेपासून आणि पाटीपुस्तकापासून शतकानुशतके दूर ठेवले त्यांच्यासाठी आले. तिकडे सत्ताधारी समाजाने ते स्वतःसाठी घेतले, कारण राज्य आपले असले तरी दुकान, खाण, मळा आणि बँक दुसऱ्याची आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे म्हणणे खोटे नव्हते. पण ते तसे का होते, याचे उत्तर कोणी काय दिले, तिथे या लेखाचा विषय सुरू होतो.

या विषयाकडे मी एका घरगुती वाक्यामुळे वळलो. 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. ते बाहेरच्यांनी म्हटलेले फारसे ऐकले नाही; म्हणणारे आपलेच असत, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात एक विचित्र समाधानही असे. पुढे महाथीर मोहम्मद यांचे 'द मलय डिलेमा' हाती आले तेव्हा पहिल्या काही पानांतच मला तो आवाज ओळखू आला. आपल्याच समाजाला चारचौघांत फटकारणारा, त्याच समाजासाठी संरक्षण मागणारा आणि या दोन्हींत काही विसंगती आहे हे न जाणवणारा. त्यानंतर सय्यद हुसेन अलातास यांचे 'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह' आणि लिली झुबैदा रहीम यांचे 'द सिंगापूर डिलेमा' वाचले. ही तिन्ही पुस्तके इंग्रजीत लिहिलेली आहेत, हेही लक्षात ठेवण्यासारखे. मलय माणसाच्या दारिद्र्याची ही चर्चा ज्या भाषेत झाली, ती त्या काळच्या बहुतेक मलय शेतकऱ्यांना वाचता येत नव्हती.

आधी महाथीर. केदाह या भातपिकाच्या राज्यातल्या अलोर स्तार गावचे ते डॉक्टर. मे 1969 च्या निवडणुकीत त्यांची जागा गेली. मतदानानंतर तीनच दिवसांनी, 13 मे रोजी, क्वालालंपूरमध्ये मलय आणि चिनी यांच्यात दंगल पेटली. अधिकृत आकड्यानुसार 196 माणसे मेली. महाथीर यांनी पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांना एक जहाल पत्र लिहिले, त्याच्या प्रती सगळीकडे फिरल्या आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. 'द मलय डिलेमा' हे या हकालपट्टीच्या काळातले पुस्तक. ते 1970 मध्ये सिंगापूरला छापले गेले आणि मलेशियात त्यावर बंदी आली. ती बंदी 1981 मध्ये उठली, कारण त्या वर्षी लेखकच पंतप्रधान झाला.

हे पुस्तक आता बहुतेक जण न वाचताच बाद करतात. तसे करू नये, असे माझे मत आहे. त्यात एक प्रकरण मलयांच्या आर्थिक पेचावर आहे आणि ते मला आजही चांगले वाटते. गावातले चिनी दुकान कसे चालते हे लेखकाने डोळ्यांनी पाहिलेले आहे. घरातली सगळी माणसे दुकानात राबतात, मजुरीचा खर्च नाही. माल घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर मिळतो, कारण तो जातभाई आहे, एका बोलीचा आहे. त्याच्या मागे आयातदार, त्याच्या मागे बँक. मलय माणूस शेजारी दुकान टाकतो तेव्हा त्याला माल त्या भावाने मिळत नाही आणि उधारी तर नाहीच. तो सहा महिन्यांत दुकान बंद करतो आणि मग सगळे म्हणतात, बघा, याला जमत नाही. शहरे वाढली तसे जमिनीचे भाव आणि कर वाढले, मलय कुटुंबांनी जागा विकल्या आणि ती गावाबाहेर सरकली, हेही महाथीर सांगतात. या प्रकरणात कोणीही जन्मतः काही नाही. अडथळे आहेत, साखळ्या आहेत, आणि त्या तोडायला सरकारचा हात हवा, असा सरळ युक्तिवाद आहे.

मग आनुवंशिकता आणि परिस्थिती यांवरचे प्रकरण येते आणि डॉक्टरांचा तोल जातो. त्यांचे म्हणणे असे: मलयांच्या देशात जमीन सुपीक, पाऊस भरपूर, अन्न सहज मिळे. दुबळाही जगला, त्याचे लग्न झाले, त्याला मुले झाली. चीनमध्ये पूर आणि दुष्काळ यांनी दुबळ्यांना निवडून मारले, उरले ते चिवट. शिवाय चिनी लोक स्वकुळात लग्न करत नाहीत आणि खेड्यातल्या मलयांत चुलत-आते-मामे भावंडांची लग्ने होतात, म्हणून रक्त दुर्बल झाले. याला ना आकडे आहेत, ना तपासणी. पेशंटची नाडी न बघता लिहिलेले हे प्रिस्क्रिप्शन आहे. आणि यात एक गंमत अशी, की मलेशियाच्या संविधानाच्या 160 व्या कलमात मलय कोण याची व्याख्या दिली आहे: जो इस्लाम मानतो, एरवी मलय भाषा बोलतो आणि मलय रीतिरिवाज पाळतो तो. रक्ताचा त्यात उल्लेख नाही. खुद्द महाथीर यांचे आजोबा केरळातून आलेले. या व्याख्येने नातू निर्विवाद मलय. मग हजारो वर्षांच्या सुपीक मातीने ज्याचे रक्त मऊ केले तो मलय नेमका कोणता? पुस्तक हा प्रश्न स्वतःला विचारत नाही.

ही दोन प्रकरणे एकाच बांधणीत आहेत, पण ती एकमेकांना पाडतात. दुकानाची साखळी हे कारण असेल तर ती साखळी तुटली की संरक्षण काढता येते. रक्त हे कारण असेल तर संरक्षण कधीच काढता येत नाही. हा नुसता तर्काचा खेळ नव्हता. स्वतंत्र मलायाच्या संविधानाचा आराखडा 1956-57 मध्ये रीड आयोगाने केला. त्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश बी. मलिक हे भारतीय सदस्य होते. मलयांच्या विशेष सवलतींचा 15 वर्षांनी फेरविचार व्हावा, अशी त्या आयोगाची शिफारस होती. पाकिस्तानचे सदस्य न्या. अब्दुल हमीद यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, आणि शेवटी जे 153 वे कलम संमत झाले त्यात मुदत उरली नाही. आपल्या संविधानात विधिमंडळातल्या राखीव जागांना दहा वर्षांची मुदत घातली होती आणि ती दर वेळी वाढवावी लागली. तिकडे वाढवण्याचीही गरज ठेवली नाही. मुदत नसलेल्या कलमाला अडथळ्यांपेक्षा रक्ताचे स्पष्टीकरण जास्त सोयीचे असते. महाथीर यांनी ते पुरवले.

'द मिथ ऑफ द लेझी नेटिव्ह' 1977 मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. लेखक अलातास यांचा जन्म जावातल्या बोगोरचा, घराणे मूळचे हद्रमौतच्या अरबांचे, शिक्षण ॲमस्टरडॅमचे, आणि तेव्हा नोकरी सिंगापूरच्या विद्यापीठात मलय अभ्यासाच्या प्राध्यापकाची. म्हणजे मलय माणूस असा का, या वादातल्या दोन्ही मल्लांचे पूर्वज समुद्रापलीकडून आलेले. मलय जगाचे हे मोकळेपण या वादात कुठेच हिशेबात धरलेले नाही.

अलातास यांचा मुख्य प्रश्न साधा आहे. मलय, जावानी आणि फिलिपिनो माणूस आळशी आहे असे म्हणायला कोणी, केव्हा आणि कशासाठी सुरुवात केली? त्यांनी सोळाव्या शतकापासूनची गोऱ्यांची पुस्तके, अहवाल आणि प्रवासवर्णने चाळली. मलायात दीर्घ काळ अधिकारी असलेले फ्रँक स्वेटनहॅम यांच्यासारखे लोक मलय माणसावर प्रेम करत, त्याच्या शिष्टाचाराचे कौतुक करत, आणि त्याच दमात त्याला काम नको असते असे ठरवत. काम म्हणजे कोणते? मलय शेतकरी भात लावत होता, कोळी समुद्रावर जात होता, सुतार होड्या बांधत होता. तो खाणीत आणि रबराच्या मळ्यात कूली व्हायला तयार नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा. स्वतःची जमीन असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मळ्यात करारबद्ध मजूर का व्हावे? जो मळ्यात येतो तो कष्टाळू, येत नाही तो आळशी. चिनी मजुराला कष्टाळूपणाचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच मजुराला अफू विकून सरकारी महसुलाचा मोठा वाटा उभा राहत होता, हे त्या प्रमाणपत्रावर नव्हते. जावात तर 1830 पासून डच सरकार सक्तीने ऊस, नीळ आणि कॉफी लावून घेत होते. वेठीला धरलेला तो शेतकरीही कागदावर आळशीच राहिला.

पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग होसे रिझाल यांच्याविषयीचा आहे. रिझाल यांनी 1890 मध्ये फिलिपिनोंच्या आळसावर एक दीर्घ निबंध लिहिला. आमच्यात आळस नाहीच, असा कांगावा त्यांनी केला नाही. आळस असेल, पण तो आमच्या दुर्दशेचा परिणाम आहे, कारण नाही, असे त्यांनी मांडले. पिकवलेले हाती राहणार नसेल तर माणूस पिकवण्याचे सोडतो. अलातास यांनी ही मांडणी नव्याने उजेडात आणली आणि तिच्या शेजारी स्वतंत्र मलेशियातल्या दोन पुस्तकांना उभे केले: एक 'द मलय डिलेमा', दुसरे सत्ताधारी पक्षाच्या युवक शाखेने 1971 मध्ये काढलेले 'रेवोलुसी मेंताल', म्हणजे मानसिक क्रांती. साहेब गेला, पण साहेबाने लावलेले विशेषण सत्ताधाऱ्यांनी जपून ठेवले आणि आपल्याच शेतकऱ्याला लावले, असा त्यांचा आरोप आहे. एडवर्ड सईद यांनी पुढे या पुस्तकाची आदराने दखल घेतली.

तरीही माझी एक तक्रार आहे. अलातास यांचा पुरावा बहुतांशी लिहिणाऱ्यांविषयीचा आहे. शेतकरी त्यात क्वचित दिसतो. साहेबाने काय लिहिले हे कळते; साहेबाच्या कायद्याने शेतकऱ्याच्या बांधावर काय झाले हे कळायला दुसरीकडे जावे लागते. त्यासाठी लिम टेक घी यांचा वसाहतकालीन मलायातल्या शेतकऱ्यांवरचा ग्रंथ, तोही 1977 चा, आणि अर्थशास्त्रज्ञ पी. टी. बाउअर यांचे 1948 चे रबर उद्योगावरचे पुस्तक ही दोन मला अलातास यांच्या शेजारी ठेवाविशी वाटतात.

तिथली हकीकत अशी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रबराचा भाव चढला तसा 'आळशी' मलय शेतकरी रबर लावायला धावला. दोन-चार एकरांचे तुकडे, पण हजारो. सरकारला हे नको होते. मजुरांसाठी तांदूळ हवा होता आणि तो मलयाने पिकवायचा होता. 1917 मध्ये भातजमीन कायदा आला. भाताच्या जमिनीत दुसरे पीक लावायला बंदी झाली. त्याआधी 1913 मध्ये मलय राखीव जमिनींचा कायदा आला होता. राखीव पट्ट्यातली जमीन मलयेतराला विकता येणार नाही. हेतू संरक्षणाचा सांगितला गेला, आणि आपल्याकडच्या 1875 च्या दख्खनच्या दंग्यांनंतर सावकारांविरुद्ध कायदा करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हेतूसारखा तो काही अंशी खराही असेल. पण जी जमीन चेट्टियार सावकार किंवा चिनी व्यापारी घेऊ शकत नाही तिच्यावर तो कर्जही देत नाही. जमीन राहिली, तिची किंमत पडली, भांडवल आटले. पुढे 1922 मध्ये रबराचा भाव सावरण्यासाठी उत्पादनावर मर्यादा घालणारी स्टीव्हन्सन योजना आली. कोणाच्या झाडांतून किती चीक निघतो याचा अंदाज सरकार करणार. युरोपीय मळ्यांचा अंदाज सढळ, छोट्या शेतकऱ्याचा आखडता. आणि बाउअर यांनी दाखवले, की लहान शेतकऱ्याचे झाड सरकार मानत होते त्यापेक्षा बरेच जास्त देत होते. शाळेतही तेच. सरदारांच्या मुलांसाठी 1905 मध्ये क्वाला कांगसारला इंग्रजी महाविद्यालय निघाले. गावच्या मलय शाळेचे ध्येय, जॉर्ज मॅक्सवेल यांच्यासारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्याच सांगण्यानुसार, शेतकऱ्याच्या मुलाला बापापेक्षा जरा बरा शेतकरी करणे एवढेच होते. त्याला त्याच्या जागेवर नीट बसवण्यात आले आणि मग तो उठत का नाही असे विचारले गेले.

ही पार्श्वभूमी घेऊन 1971 च्या नव्या आर्थिक धोरणाकडे आले की त्याचे चांगले आणि वाईट दोन्ही नीट दिसते. दंगलीनंतर अब्दुल रझाक यांच्या सरकारने आणलेल्या या धोरणाची दोन उद्दिष्टे होती. वंश न पाहता दारिद्र्य हटवणे, आणि अमुक वंशाने अमुकच धंदा करायचा ही ओळख पुसणे. दुसऱ्या उद्दिष्टाची भाषा वाचताना मला आंबेडकरांची आठवण येते. जात ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे निदान इथे वंशाला लागू पडते. समभागांच्या मालकीत 1970 मध्ये बुमिपुतेरांचा वाटा 2.4 टक्के होता. तो 1990 पर्यंत 30 टक्के करायचा होता. प्रत्यक्षात तो त्या वर्षी 19.3 टक्क्यांवर पोहोचला. या आकड्यांत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: 1970 मध्ये सर्वांत मोठा मालक चिनी नव्हता. साठ टक्क्यांहून अधिक समभाग परदेशी, मुख्यतः ब्रिटिश, हातांत होते. दंगलीत मात्र मलय आणि चिनी एकमेकांच्या अंगावर गेले. गथ्री या जुन्या ब्रिटिश मळेवाल्या कंपनीचा ताबा मलेशियाच्या सरकारी गुंतवणूक संस्थेने 7 सप्टेंबर 1981 रोजी लंडनच्या शेअरबाजारात काही तासांत घेतला, तो या धोरणातला मला सर्वांत सरळ वाटणारा व्यवहार आहे.

दारिद्र्य घटले, यात वाद नाही. मलय द्वीपकल्पात 1970 मध्ये जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती. 1990 मध्ये ते प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आले. हे कशाने झाले? शाळा, पाटबंधारे, भूमिहीनांना तेलताड आणि रबराच्या जमिनी देणारी फेल्डा ही संस्था, आणि पेनांगसारख्या ठिकाणी निघालेले इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने. या कारखान्यांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाळीपाळीने काम करणाऱ्या मुली बहुतांशी मलय खेड्यांतल्या होत्या. आयव्हा ओंग यांनी 1987 च्या पुस्तकात सेलांगोरमधल्या अशा मुलींचा अभ्यास केला आहे. कामाच्या मध्येच त्यांच्या अंगात येई, त्या किंचाळत, उत्पादन थांबे, मग मांत्रिकाला बोलवावे लागे. रक्तातल्या आळसाचा सिद्धांत या मुलींना कुठे बसवणार?

वरच्या थरात वेगळेच घडले. परवाना मलयाच्या नावे आणि भांडवल-मेहनत चिन्याची, अशा भागीदारीला तिकडे 'अली बाबा' म्हणतात: अली मलय, बाबा चिनी. कंत्राटे पक्षाशी जवळीक असलेल्यांकडे गेली. गोमेझ आणि जोमो यांनी 1997 च्या पुस्तकात ही साखळी नावानिशी उलगडली आहे. आणि 'वंश न पाहता' हे पहिल्या उद्दिष्टातले शब्द मागे पडले. मळ्यांतले तमिळ मजूर, ज्यांच्या घामावर रबर उभे राहिले, मळे मोडून घरबांधणी सुरू झाल्यावर शहराच्या कडेला फेकले गेले. त्यांना ना भूमिपुत्राचा रकाना, ना चिनी व्यापाऱ्याची साखळी. 25 नोव्हेंबर 2007 रोजी ते हजारोंनी क्वालालंपूरच्या रस्त्यावर आले तेव्हा जगाला त्यांची आठवण झाली.

आळसाचे विशेषण पुढे कुठे गेले हे पाहायला केदाहमध्येच परत जावे लागते. जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाने 1978 ते 1980 या काळात तिथल्या एका भातगावात राहून 'वेपन्स ऑफ द वीक' लिहिले. पाटाचे पाणी आले, दोन पिके निघू लागली, मग कापणीची यंत्रे आली आणि गरिबांची मजुरी गेली. गावात सगळे मलय, सगळे मुसलमान. चिनी दुकानदार या गोष्टीत दुय्यम. तिथे श्रीमंत मलय शेतकरी गरीब मलय मजुराविषयी काय म्हणतात? तो आळशी आहे, त्याला काम नको असते. स्वेटनहॅम यांचे वाक्य आता गावच्या हाजींच्या तोंडी होते. गरीबही श्रीमंतांच्या कंजूषपणाच्या गोष्टी सांगून परतफेड करत, पण यंत्र त्यांच्या मालकीचे नव्हते.

खुद्द महाथीर यांनीही ते विशेषण शेवटपर्यंत सोडले नाही. बावीस वर्षांच्या पंतप्रधानपदाच्या अखेरीस, 2002 मध्ये, त्यांनी क्वालालंपूरच्या हार्वर्ड क्लबात 'नवा मलय पेच' या विषयावर भाषण केले. मलय माणूस सवलतींच्या कुबड्यांवर विसंबला, तो कष्ट करत नाही, असा त्याचा सूर होता. 1970 मध्ये माती आणि रक्त दोषी होते, 2002 मध्ये कुबड्या. सवलती कोणत्या मलयांनी घेतल्या, हा प्रश्न दोन्ही वेळा बाजूला राहिला. बावीस वर्षे कारभार स्वतःच्या हाती असलेल्या माणसाने जनतेच्या स्वभावाविषयी खंत व्यक्त करावी, याला काय म्हणावे?

यावर हमखास येणारे उत्तर असे, की हे सगळे सवलतींचे फळ आहे. पूल ओलांडून सिंगापूरला जा, तिथे गुणवत्तेवर सगळे चालते. 'द सिंगापूर डिलेमा' म्हणूनच महत्त्वाचे. 1965 मध्ये वेगळे झालेल्या सिंगापुरात मलय अल्पसंख्य आहेत, दर सात माणसांत एकाच्या आसपास. संविधानाचे 152 वे कलम त्यांना मूळचे रहिवासी म्हणून मान देते, पण राखीव जागा देत नाही. उच्च शिक्षणाची फीमाफी होती, तीही 1990 च्या सुमारास सरसकट राहिली नाही. शिक्षणात मलय मुले मागे आहेत असे दिसले तेव्हा 1982 मध्ये मेंदाकी ही संस्था निघाली. समाजाने स्वतःला सुधारावे, ही तिच्या मागची धारणा. लिली झुबैदा रहीम यांचे 1998 चे पुस्तक या धारणेवर हल्ला करते. मलयांची संस्कृतीच उणी आहे, हे स्पष्टीकरण राज्यकर्त्यांना फार सोयीचे आहे, असे त्या म्हणतात, आणि एकेक संस्था उघडून दाखवतात. मला सर्वांत बोलके वाटलेले उदाहरण सक्तीच्या लष्करी सेवेचे. ती 1967 मध्ये सुरू झाली, पण पहिली सुमारे दहा वर्षे मलय मुलांना जवळजवळ बोलावलेच नाही, कारण शेजारी मलय देश आणि त्यांच्या निष्ठेविषयी शंका. मालक मात्र नोकरी देताना सेवा पुरी केल्याचे विचारत. ज्याला ना बोलावणे येते ना सुटका झाल्याचा कागद मिळतो, तो मुलगा कित्येक वर्षे अर्धवट कामांवर लटकत राहतो. मग त्याच्यावर ठपका येतो, की त्याला चिकाटी नाही.

रहीम यांचे पुस्तक कोरडे आहे, अलातास यांच्या लेखणीची धार त्यात नाही. पण तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की तेच दिसते जे एकेकट्यात दिसत नाही. एकाच विशेषणाने वसाहतीच्या सरकारला बाहेरून मजूर आणण्याचे निमित्त दिले, मलेशियाला मुदत नसलेल्या सवलतींचे समर्थन दिले आणि सिंगापूरला सवलत न देण्याचे. एकमेकांविरुद्ध जाणारी तीन धोरणे ज्या एका कारणाने सिद्ध होतात, ते कारण बहुधा काहीच सिद्ध करत नसते. म्हणून मलेशियातल्या राखीव जागा असाव्यात की नसाव्यात, या प्रश्नाला मी महाथीर यांच्या रक्ताच्या प्रकरणातून उत्तर शोधणार नाही आणि सिंगापूरच्या गुणवत्तेतूनही नाही. दुकानाच्या साखळीचे प्रकरण घेऊन बसेन. कोणती साखळी तुटली, कोणती नवी तयार झाली आणि तिच्या टोकाला आता कोण आहे, हे तपासता येते.

तपासणे सोपे नाही, हेही खरे. 2006 मध्ये क्वालालंपूरच्या एका खासगी धोरण केंद्राने मोजणीची रीत बदलून, म्हणजे समभागांची छापील किंमत सोडून बाजारभाव धरून आणि सरकारी मालकीच्या कंपन्या हिशेबात घेऊन, बुमिपुतेरांचा वाटा 45 टक्के काढला. सरकारचा आकडा 19 च्या आसपास होता. 30 टक्क्यांचे लक्ष्य गाठले गेले असेल तर धोरण कशासाठी, असा प्रश्न त्यातून उभा राहत होता. गदारोळ झाला. केंद्राच्या पालक संस्थेने अहवाल मागे घेतला; तिचे अध्यक्ष महाथीर यांचे चिरंजीव मिर्झान होते. अहवालाचे प्रमुख लिम टेक घी, म्हणजे मलायाच्या शेतकऱ्यांचा इतिहास लिहिणारे तेच, राजीनामा देऊन बाहेर पडले.

या मोजणीच्या वादाशेजारी मला अर्थशास्त्रज्ञ उंकू अब्दुल अझीझ यांचा सारोंग निर्देशांक ठेवावासा वाटतो. मक्केच्या यात्रेसाठी गरीब मलयांनी जमिनी-गुरे विकू नयेत, म्हणून बचतीचा निधी सुचवणारे हे तेच गृहस्थ. खेड्यातले दारिद्र्य मोजायला ते घरात शिरत आणि दोनच गोष्टी विचारत. घरात सारोंग किती आणि माणसे किती. सारोंगांच्या संख्येला माणसांनी भागायचे. भागाकार एकाहून कमी आला, तर त्या घरात कोणीतरी दुसऱ्याचे लुगडे वाळण्याची वाट बघत बसलेले असते.